तळ्याकाठच्या खोलीचं कारण

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा सोफे-खुर्च्यांना नवीन कापड चढवण्याचा (गुडघ्यांमुळे आता बंद), राहणार दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं घर, आज आपल्या मर्जीने लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेचं काय करायचं ते पुढे सांगितलं आहे आणि ते तसंच व्हावं. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी गोड बोलून लिहायला बसवलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "मला हल्ली बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही," असं मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, तर ते म्हणाले, "तो आजार नाही, आजी. मलाही होत नाही." आणि त्यांनी सही केली.

सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकिलांनी वेगळ्या पानावर घातले आहेत. मी मात्र ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार. आणखी एक: देणगीचं कारण मी प्रत्येक कलमात लिहिणार आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कारण लागत नाही. मला लागतं. का, ते पाचव्या कलमात कळेल.

कलम १. राहतं घर मुलाला द्यावं. कारण: तो माझा एकुलता एक आहे, आणि या घराच्या प्रत्येक खोलीत त्याने लहानपणी चेंडू मारून काही ना काही फोडलेलं आहे, म्हणजे घर त्याच्या ओळखीचं आहे. अट एकच. पुढच्या खोलीतल्या त्याच्या वडिलांच्या खुर्चीला नवीन कापड चढवू नये. लोकांच्या खुर्च्या नीट करता करता आमची तेवढी राहून गेली, ती तशीच राहू द्यावी.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक नातीला. कारण: तिला शिकायला बाहेर जायचं आहे आणि तिचा बाप विचारलं की "बघू" म्हणतो. "बघू" म्हणजे नाही, हे मी त्याच्या वडिलांबरोबर संसार करताना शिकले.

कलम ३. दुकानातली हत्यारं, म्हणजे वाकड्या सुयांचा डबा, कापड ताणायचा चिमटा, लाकडी हातोडी आणि मोठी कात्री, सुनेला. कारण: तिच्या हातात जोर आहे आणि मनात राग आहे. कापड ताणून बसवायला दोन्ही लागतात. कात्री दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नये, आणि कागद तर तिने मुळीच कापू नयेत.

कलम ४. माझं शिवणयंत्र नणंदेकडे आहे. ते तिने चार दिवसांसाठी म्हणून नेलं, तेव्हा माझा मुलगा रांगत होता. पुढे प्रत्येक लग्नकार्यात मी विषय काढला की ती म्हणायची, "वहिनी, ते यंत्र तर माझ्या आईचं." यंत्र माझंच आहे. ते मी तिला देते. कारण: आता तरी तिने म्हणावं की हे वहिनीने दिलं.

कलम ५. तळ्याकाठची खोली, होडी आणि आतलं सगळं सामान.

ही मालमत्ता वडिलोपार्जित नाही, मी कमावलेलीही नाही. ती मला मिळाली. का मिळाली, मला माहीत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहावं लागतं आहे.

आमचे हे गेल्यानंतर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं. मी तळ्याच्या बांधावरून चालायची. तिथे एक माणूस काठावर नाहीतर होडीत गळाची काठी घेऊन उभा असायचा. लिफ्ट दुरुस्त करून करून निवृत्त झालेला. सगळे त्याला मेकॅनिकच म्हणत. पहिल्यांदा मी सहज विचारलं, "काय धरताय?"

पाण्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "बास."

मला वाटलं, तोंड बंद करा म्हणतोय. एवढा अपमान सोफ्याचं गिऱ्हाईकसुद्धा करत नाही. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याकडे पाठ करून त्या वाटेने चालले. मग एकदा त्यानेच हाक मारली.

"बाई, रागावलात का?"

"तुम्हीच बास म्हणालात."

तो हसला नाही. त्याने नुकताच लागलेला एक मासा पाण्याबाहेर धरला. हिरवट, अंगावर काळसर पट्टा, आणि तोंड असं की माझी मूठ आत जावी. "याचं नाव बास," तो म्हणाला, आणि माशाला परत पाण्यात सोडून दिलं. मी तिथेच मटकन बसले आणि हसत सुटले. हे गेल्यावर तोपर्यंत मी हसले नव्हते.

त्याच्या डब्यात मऊ प्लास्टिकचे बेडूक असायचे, बोटाएवढे, लांब लवचीक पायांचे. एक बेडूक तो गळाला लावत होता, आणि माझ्या डोळ्यांना ते बघवेना. मी म्हटलं, "तुमचा बेडूक तिरका बसलाय."

"मग तुम्ही लावा," असं म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण ही विद्याही मालमत्तेत मोजावी. ते तळं पाणगवताने आणि कमळाच्या पानांनी भरलेलं आहे. उघडा गळ टाकला की गवतच वर येतं. म्हणून गळाचं टोक बेडकाच्या अंगात लपवायचं. टोक नाकातून जरासं आत घालायचं आणि हनुवटीखालून बाहेर काढायचं. गळ वरपर्यंत ओढून घ्यायचा आणि उलटा फिरवायचा. मग बेडूक गळाशेजारी सरळ धरून बघायचं की टोक नेमकं कुठे येईल, आणि तिथेच पोटातून टोचून पाठीवर काढायचं. शेवटी टोक पाठीच्या वरच्या पापुद्र्याखाली जेमतेम टेकवून ठेवायचं. गवताला ते लागत नाही, पण माशाने चावलं की प्लास्टिक दबतं आणि टोक उघडं पडतं. बेडूक सरळ बसला पाहिजे, अंगात कुठेही गोळा होता कामा नये. नाहीतर तो पाण्यावर कुशीवर पडतो, गरगर फिरतो आणि गळाच्या दोरीला, म्हणजे तंगूसाला, पीळ बसतो. नीट बसला तर ओढताना त्याचे पाय पाण्यावर फडफडतात आणि खालून बघणाऱ्याला तो जिवंत वाटतो.

वाकड्या सुईने मी आयुष्यभर गाद्यांचे कोपरे शिवले. माझा बेडूक पहिल्याच खेपेला सरळ बसला. मेकॅनिकने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "उद्या या."

त्यानंतर काही वर्षं मी जात राहिले. आधी काठावर, मग होडीत. आमच्यात काय बोलणं व्हायचं, हे मला नंतर इतक्या लोकांनी विचारलं की मी सगळं आठवून आठवून काढलं. ते असं. "आज काळा लावू, ढग आहेत." "याचा पाय फाटला, सुरीचं पातं तापवून चिकटवा." "रंगीत आणि पांढरा एका खणात ठेवू नका, रंग उतरतो." मासा बेडकावर झडप घालायचा तेव्हा तो ओरडायचा, "थांबा! ओढू नका! आधी त्याला तोंड मिटू द्या!" बस्स. तो मला "सोफेवाल्या बाई" म्हणायचा, मी त्याला "अहो मेकॅनिक". घरचं म्हणाल, तर कधीतरी मुलीबद्दल बोलायचा. "मुलगी फार चिडते." "मुलीला पाण्याची भीती वाटते." मला वाटायचं, या वयात एवढी लहान मुलगी कशी? पण विचारायचं कसं?

एका संध्याकाळी होडीत त्याच्या हातातली काठी सुटून पाण्यात पडली आणि तो माझ्या बाजूला कलला. मी वल्ही मारत काठाला आणलं, लोकांना हाका मारल्या. दवाखान्यात त्याला चाकाच्या खाटेवर ढकलत नेत होते तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि स्पष्ट म्हणाला, "बास."

मग तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

बास म्हणजे मासा? होडीखाली त्याला एखादा मोठा दिसला होता का? की बास म्हणजे आता पुरे? की मी रडत होते आणि तो मला बास करा म्हणाला? मी रडत होते की नाही, हेही मला आठवत नाही.

थोड्या दिवसांनी त्याचे वकील आले. राहतं घर त्याने मुलीला दिलं होतं. आणि पुढे एकच ओळ: तळ्याकाठची खोली, होडी व सामान सोफेवाल्या बाईंना द्यावं. कारण लिहिलेलं नव्हतं.

पाठोपाठ मुलगी आली. मी दार उघडलं तर समोर चाळिशी उलटलेली बाई, केसांत पांढऱ्या बटा, काखेत फाइल, जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला. मी तिच्या मागे बघत राहिले, लहान मुलगी कुठे दिसते का म्हणून.

"तुम्ही माझ्या बाबांच्या कोण?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"कोणी नसताना खोली दिली?"

"हो."

"ते संध्याकाळी वाचनालयात जायचे. मला फोनवर रोज सांगायचे, आज अमुक वाचलं, तमुक वाचलं."

"ते मासे धरायचे. मला तर वाटलं होतं तुम्ही शाळेत असाल."

दोघींनाही वाटलं की समोरची खोटं बोलते आहे.

मग माझा मुलगा. "आई, काय ते खरं सांग. मी रागावणार नाही," म्हणताना तो रागावलेलाच होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, "असं कसं माहीत नाही? माणूस उगाच कुणाला खोली देतो?" त्यानंतर बरेच महिने तो आला नाही. सून फळं घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मला सांगा हवं तर. मी यांना नाही सांगणार." तिलाही मी तेच सांगितलं. ती हिरमुसून गेली.

इतक्यांनी विचारलं की मलाच शंका यायला लागली. त्याला माझ्याबद्दल काही वाटत होतं का? मला वाटत होतं का? संध्याकाळ झाली की मी केस नीट करून निघायची, हे खरं. पण केस मी गिऱ्हाईकाकडे जातानाही नीट करायची. मी आरशात बघून विचारलंसुद्धा. आरसा माझ्यासारखाच गोंधळलेला दिसला.

शेवटी मी मोजणीवालीला फोन केला. "खोली परत घ्या. मी लिहून देते."

"मला खोली नको," ती म्हणाली. "मला कारण हवंय."

"ते माझ्याकडे नाही. आम्ही काय करायचो तेवढं दाखवू शकते."

रविवारी ती खोलीवर आली. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, एक बाक, खिळ्यांना टांगलेल्या काठ्या. तिने पिशवीतून फीत काढून खोली मोजली. लांबी, रुंदी, खिडकी, बाकसुद्धा. बाक उलटा करून पाहिला, डबे रिकामे केले. कागदाचा कपटासुद्धा निघाला नाही. निघाले ते बेडूक. ती फीत हातात धरून बाकावर बसली.

"इथे काहीच नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं, आणि तिच्या हातात एक बेडूक आणि गळ दिला.

तिने पहिला बेडूक पार वाकडा लावला. दुसऱ्याचं टोक बाजूने निघालं. तिसऱ्याला ती म्हणाली, "थांबा, सांगू नका," आणि गळ बेडकाच्या पाठीशी धरून, एक डोळा मिटून, टोक कुठे येईल ते नखाने खुणावलं. तो सरळ बसला. माणसाला मोजायची सवय असली की हे जमतं.

होडीत बसायला मात्र ती तयार नव्हती. पाण्याची भीती होतीच, ते बाप खरं बोलला होता. ती काठावर उभी राहिली आणि मी सांगितल्याप्रमाणे बेडूक कमळाच्या पानांपलीकडे टाकून ओढत आणला. पाय फडफडत बेडूक पानावर चढला, उतरला, मोकळ्या पाण्यात आला, आणि तिथे पाणी फुटलं. मी ओरडले, "थांबा, ओढू नका!" पण कुणीही पहिल्यांदा थांबत नाही. तिने घाबरून काठी मागे खेचली. माशाच्या तोंडातून बेडूक सुटला, हवेतून आला आणि फाडकन माझ्या कपाळावर बसला.

टोक पापुद्र्याखालीच होतं, म्हणून माझा डोळा वाचला. बेडूक नाकावरून घसरून मांडीवर पडला. तिने काठी टाकली, धावत आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. काही लागलं नाही म्हटल्यावर ती हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे हलायला लागले आणि मग ते हसणं राहिलं नाही. "वाचनालय!" ती म्हणत होती. "वाचनालय म्हणे!" मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवावा की नाही ते कळत नव्हतं, पण ठेवला.

जरा शांत झाल्यावर तिने विचारलं, "शेवटचं काय बोलले?"

"बास."

"बास म्हणजे?"

"तेच मला कळत नाही."

ती पुढच्या रविवारी आली. त्याच्या पुढच्याही. थंडीत मी नको म्हटलं तरी आली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टी सुटेपर्यंत रजा काढून राहिली, आणि मुलाला फोनही तिनेच लावला. तो आला. दोघं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसून मोजणीच्या चुकांबद्दल बोलत राहिले. त्याने तिला काही विचारलं नाही. तेव्हापासून तो पुन्हा येऊ लागला.

ती मला मावशी म्हणत नाही, काकू म्हणत नाही, बाईसुद्धा म्हणत नाही. नुसतं "अहो". मीही तिला "अहो"च म्हणते. एकदा होडीत चढताना (हो, आता ती होडीत बसते, काठ घट्ट धरून का होईना) माझा पाय सटकला, तर ती ओरडली, "अगं, सांभाळ!" मी सांभाळलं. ती लगेच म्हणाली, "लागलं का हो तुम्हाला?" आम्ही दोघींनी त्या "अगं"बद्दल अवाक्षर काढलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिला सांगितलं की खोली तुमच्या नावे करते आहे. ती बेडूक लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मग कारण लिहा. बाबांसारखं करू नका."

"काय लिहू?"

"असेल ते."

ते लिहायला मी बसले आणि अडकले. तिच्या वडिलांची खोली तिला मिळावी, असं लिहिलं. पण तसं असतं तर त्यांनीच दिली असती. तिने माझी सेवा केली, असं लिहिलं. ते मजुरीसारखं वाटलं, फाडलं. ती उत्तम बेडूक लावते, असं लिहिलं. ते खोटं आहे, अजून पाचातला एक कुशीवर पडतो. शेवटी हे लिहिते: रविवारी जिन्यात तिची चाहूल लागली की मी ती दार वाजवायच्या आधीच कडी काढते. हेच कारण. कायद्यात बसत नसेल तर वकिलांनी बसवावं. मेकॅनिकचंही असंच काही होतं का, मला माहीत नाही.

सबब ही खोली, होडी, काठ्या, सगळे बेडूक आणि ते लावायची विद्या मी माझ्या पश्चात (इथे एक शब्द खोडला आहे) मुलीला देते. यावर माझ्या मुलाने हरकत घेऊ नये. त्याला मासे धरायचे असतील तर तिला विचारून जावं.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुनेने करावी. कारण: कामं उरकायची तिला सवय आहे. मुलाने तिच्यामागून सह्या कराव्यात.

कलम ७. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही. हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं. वाचताना शिकवणीच्या बाईंनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, ते मला मान्य आहे.

खोडाखोडीबद्दल खुलासा: पाचव्या कलमाच्या शेवटी मी आधी "मेकॅनिकच्या मुलीला" असं लिहिलं होतं. त्यातला "मेकॅनिकच्या" हा शब्द मी स्वतः, राजीखुशीने खोडला आहे. तुम्हाला तर मुलगी नाही, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, असं वकील म्हणाले. नाव आणि पत्ता त्यांच्या पानावर आहेच. गोंधळ होऊ द्यावा. शब्द परत घालू नये.

मृत्युपत्र करणारी: (सही) सोफेवाली, दुसरा मजला

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) चष्मेवाला, तळमजला
२. (सही) शिकवणीच्या बाई, पहिला मजला

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: आज, रविवार, तारखेचा शिक्का वकील मारतील